आम्ही सोसायटीला मॅनेजर ठेवला त्याची गोष्ट

सकाळी पावणेसहाला माझा फोन वाजला की घरच्यांना वाटायचं कोणीतरी गेलं. गेलेलं असायचं पाणी. मी रत्नागिरीत मांडवीच्या अलीकडे एका सोसायटीत राहते, दोन विंग, ३६ फ्लॅट, २००४ सालची बिल्डिंग, आणि २०१९ पासून मी सेक्रेटरी होते. झाले कशी, तर सभेत मी पाणी प्यायला उठले आणि परत येऊन बसेपर्यंत माझं नाव सुचवून त्याला अनुमोदनसुद्धा मिळालेलं होतं. शाळेत शिकवते म्हणजे हिला लिहायची सवय असणार, एवढंच माझं क्वालिफिकेशन.

आमच्या ३६ घरांतली १७ बारमाही उघडी असतात. १२ मुंबई-पुण्याच्या लोकांची, ती गणपतीत, शिमग्याला आणि मे महिन्यात उघडतात, एरवी कुलूप. उरलेली ७ भाड्याने. म्हणजे पैसे ३६ जणांकडून यायचे, पण गळती, मोटर, लिफ्ट, कचरा, वॉचमन यातलं कुठलंही बघायला सतराच जण आणि त्यातले अकरा साठीच्या वरचे. उन्हाळ्यात शीळ धरणाचं पाणी दिवसाआड येतं तेव्हा व्हॉल्व्ह कोण फिरवणार यावरून आमच्याकडे जी भांडणं झालीत त्यावर शाळेच्या गॅदरिंगला एकांकिका बसवता येईल.

पण कामाचा एवढा वैताग नव्हता हो. वैताग पैसे मागण्याचा. तिसऱ्या मजल्यावरच्या काकांकडे मी लग्न होऊन आल्यापासून गणपतीला जायचे, दरवर्षी, काकूंच्या हातचे मोदक म्हणजे काय सांगू. २०२० च्या पावसात त्यांच्या हॉलच्या छताला ओल आली, वर गच्ची. त्यांनी पत्र दिलं, आम्ही म्हटलं बघतो, सोसायटीकडे पैसे नव्हते म्हणून बघतच राहिलो, मग काकांनी मेंटेनन्स बंद केला. गच्ची दुरुस्त करा मग देतो. आणि मी म्हणणार तुम्ही द्या मग दुरुस्त करू. दोघंही बरोबर, आणि जिन्यात समोरासमोर आलो की दोघंही मोबाईल बघायचो. तीन वर्षं मी त्यांच्या गणपतीला गेले नाही.

मग २०२२-२३ च्या ऑडिटमध्ये ऑडिटरने दोन पानं भरून दोष काढले. नमुना आय आणि नमुना जे, म्हणजे सभासदांचं रजिस्टर आणि यादी, अपडेट नाही. ९ जणांना शेअर सर्टिफिकेटच दिलेलं नाही. सिंकिंग फंड, म्हणजे पुढच्या मोठ्या दुरुस्तीसाठी साठवायचे पैसे, वेगळा गुंतवलेला नाही. या सगळ्याचा दोष दुरुस्ती अहवाल नमुना ओ मध्ये तीन महिन्यांत द्यायचा असतो. मी दहावीचे पेपर तपासत बसलेली, खजिनदार भाऊंची बायपास झालेली, चेअरमन काका ७४ वर्षांचे. त्या रात्री मी ग्रुपवर टाकलं की येत्या सभेत मी राजीनामा देतेय, दुसरा सेक्रेटरी शोधा. चोवीस तासांत एकोणीस जणांनी हात जोडलेला इमोजी टाकला, एकानेही स्वतःचं नाव टाकलं नाही.

मॅनेजर ठेवायची कल्पना चेअरमन काकांच्या मुलीची. ती फ्लोरिडात टॅम्पाला असते. व्हिडिओ कॉलवर म्हणाली, ताई, आमच्याकडे सोसायटी चालवणं हा चक्क धंदा आहे, बोर्ड आमच्यासारख्या घरमालकांचंच असतं पण रोजचं काम कंपनीचा मॅनेजर करतो, आणि फ्लोरिडात मोठ्या सोसायट्यांच्या अशा मॅनेजरला राज्य सरकारचं लायसन्स लागतं. मी म्हटलं आमच्याकडे वॉचमनला शिट्टी मिळाली तरी खूप. मग तिने सर्फसाईडचं सांगितलं. मायामीजवळ समुद्राला लागून असलेली १२ मजल्यांची इमारत, १९८१ ची, २४ जून २०२१ ला मध्यरात्र उलटल्यावर लोक झोपेत असताना तिचा मोठा भाग कोसळला, ९८ माणसं गेली. आधी इंजिनियरने काँक्रीट खराब झाल्याचं लिहून दिलेलं होतं, पण दुरुस्तीचा आकडा ऐकून सभासदांची भांडणं आणि चालढकल, आणि फंडात पुरेसे पैसे नाहीत. त्यानंतर तिकडे कायदाच आला, तीन मजले आणि वरच्या जुन्या कॉन्डो, म्हणजे मालकीच्या फ्लॅटच्या, इमारतींची तपासणी आणि दुरुस्तीचा राखीव निधी सक्तीचा.

हे ऐकताना मी आमच्या बाल्कनीत उभी होते. रेलिंगच्या खाली प्लास्टर फुगून पडलेलं आणि आतली सळी दिसतेय, तांबडी. चार वर्षं तिथे मी कुंडी ठेवून झाकत होते.

तर सभा. सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते आणि आमच्याकडे चाकरमानी फक्त गणपतीत सापडतात. २०२३ ला गणपती १९ सप्टेंबरला होते, गौरी-गणपतीचं विसर्जन २३ ला शनिवारी, म्हणून रविवार २४ ची सभा लावली, १४ दिवस आधी नोटीस. कोरम ३६ च्या दोन तृतीयांश किंवा २०, जे कमी ते, म्हणजे वीस माणसं हवीत. साडेदहाला तेरा. आम्ही अर्धा तास थांबलो, चहा आला, आणि मग अंधेरीचे, डोंबिवलीचे, कोथरूडचे असे सगळे अर्धवट झोपेत, आदल्या रात्रीच्या विसर्जनाचा गुलाल कानामागे तसाच, येऊन बसले. बावीस झाले.

पहिला प्रश्न अर्थात, पैसे किती? दुसरा प्रश्न, मग कमिटी काय करणार? हा दुसरा प्रश्न आमच्या ऑडिटरलाही मी आधी विचारला होता, ते म्हणाले मॅडम, काम बाहेर देता येतं, सही बाहेर देता येत नाही, उद्या काही चुकलं तर सहकार खात्याचे उपनिबंधक तुम्हाला बोलावणार, मॅनेजरला नाही. हे मी सभेत जसंच्या तसं सांगितलं. त्यावर कोथरूडच्या दादांनी १८ टक्के जीएसटीचा विषय काढला की एजन्सी आली की आपल्या मेंटेनन्सवरही जीएसटी लागणार. अर्धा तास त्यात गेला. खरी गोष्ट अशी की सोसायटीला जीएसटी केव्हा, तर वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर आणि माणशी महिन्याचा मेंटेनन्स साडेसात हजारांच्या वर असेल तर. आमचा मेंटेनन्स ७०० रुपये! एजन्सीच्या बिलावर मात्र जीएसटी भरावा लागतो. ठराव झाला, एक वर्षासाठी करून बघा, तीन कोटेशन घ्या. माझा राजीनामा विषयपत्रिकेत शेवटी होता, तिथपर्यंत कोणी पोचलंच नाही, सगळे जेवायला गेले.

कोटेशनचं थोडं सविस्तर सांगते कारण इथेच लोक फसतात.

पहिलं पुण्याच्या एका मोठ्या कंपनीचं, रंगीत चाळीस पानं, त्यात स्विमिंग पूलची देखभाल पण होती. आम्हाला पूल कुठला, पावसाळ्यात पार्किंगच पूल होतं तेवढाच. त्यांची अट होती की वॉचमन पण त्यांचाच हवा. आमचा वॉचमन चौदा वर्षं आहे, कोणाची गाडी कुठली, कोणाच्या आईला शुगर, कुठल्या बंद फ्लॅटच्या खिडकीची कडी लागत नाही हे त्याला पाठ. त्यांनी सांगितलं चाळीशीच्या आतला माणूस देऊ. आम्ही सिक्युरिटी एजन्सीचं लायसन्स, पीएफ, ईएसआयसीचे कागद मागितले तर मेलवर मेल झाले पण कागद आले नाहीत.

दुसरं कोल्हापूरकडच्या एकाचं, सगळ्यात स्वस्त. वाचत वाचत सातव्या पानावर गेले तर मेंटेनन्स सभासदांनी एजन्सीच्या खात्यात भरायचा आणि एजन्सी महिन्याच्या शेवटी खर्च वजा करून सोसायटीला देणार. खजिनदार भाऊ बायपासनंतर पहिल्यांदा जोरात ओरडले.

तिसरी एजन्सी इथलीच, लहान, चार-पाच सोसायट्या बघणारी. फ्लॅटमागे महिना २०० रुपये, म्हणजे ७२०० आणि वर जीएसटी १२९६, एकूण ८४९६. आठवड्यातून तीन दिवस माणूस येणार, बिलं, पावत्या, थकबाकीच्या नोटिसा, सभेच्या नोटिसा नि इतिवृत्ताचा मसुदा, प्लंबर-इलेक्ट्रिशियन-लिफ्टवाल्याशी फोनाफोनी, ऑडिटची तयारी. हीच घेतली. करारात आम्ही चार गोष्टी हट्टाने घातल्या आणि कोणी विचारलं तर मी अजूनही याच सांगते: पैसे फक्त सोसायटीच्या खात्यात आणि क्यूआर कोडही त्याच खात्याचा, चेकवर सही कमिटीची, मूळ कागद ऑफिसच्या कपाटातून बाहेर जाणार नाहीत, आणि सॉफ्टवेअरमधला सगळा डेटा करार संपल्यावर एक्सेलमध्ये परत. शेवटचं कलम माझ्या नवऱ्याने सुचवलं, तेव्हा मी हसले होते.

१ जानेवारी २०२४ ला देवरुखकडचा एक मुलगा बॅग घेऊन आला. वय असेल सव्वीस-सत्तावीस. मला वाटलं आता मी सुटले. पुढचे दोन महिने मी आयुष्यात सोसायटीचं जेवढं काम केलं नव्हतं तेवढं केलं. कारण तो विचारणार, मॅडम, बी विंगच्या या फ्लॅटचं नॉमिनेशन कुठाय? आणि ते असणार कोणाच्या तरी घरी, गादीखाली, आधीच्या आधीच्या सेक्रेटरीच्या. एक आख्खं प्रोसिडिंग बुक, म्हणजे सभांच्या इतिवृत्ताची वही, आम्हाला वाळवी लागलेल्या अवस्थेत गच्चीवरच्या खोलीत मिळालं. बिल्डरने जमीन सोसायटीच्या नावावर करून दिलेलीच नाही हेही तेव्हा कळलं, सातबारावर अजून जुन्याच मालकांची नावं. ते मानीव अभिहस्तांतरणाचं, म्हणजे बिल्डरशिवाय जमीन नावावर करून घ्यायचं, प्रकरण अजून चालू आहे, त्यावर वेगळं लिहावं लागेल, इथे नको.

फेब्रुवारीचं बिल पहिल्यांदा छापील आलं, प्रत्येक हेड वेगळं. लोक खूश. आणि एप्रिलमध्ये बॉम्ब फुटला.

रात्री साडेदहाला डोंबिवलीहून फोन. मॅडम, मी माझं स्वतःचं घर बंद ठेवतो तर दंड कसला? बघते तर बाराच्या बारा बंद फ्लॅटना नॉन ऑक्युपन्सी चार्जेस लावलेले. आता हे चार्जेस घर भाड्याने दिलं तरच लागतात, तेही सर्व्हिस चार्जेसच्या जास्तीत जास्त १० टक्के. आमचे सर्व्हिस चार्जेस ४५० म्हणजे ४५ रुपये. मालकाने घर नुसतं कुलूप लावून ठेवलं तर शून्य. एजन्सीच्या ऑफिसात कोणीतरी सॉफ्टवेअरमध्ये राहतात का या रकान्यात नाही टिक केलं आणि मशीनने पुढचं ठरवलं. ४५ रुपयांसाठी माझे नऊ फोन झाले, एकाने तर चाकरमान्यांना रत्नागिरीत किंमत नाही इथपर्यंत विषय नेला. मला एजन्सीपेक्षा स्वतःचाच राग आला, कारण बिलं जायच्या आधी त्या मुलाने मला पीडीएफ पाठवून मॅडम बघून घ्या म्हटलं होतं आणि मी अंगठा टाकला होता. न बघता. ऑडिटरचं वाक्य तेव्हा नीट कळलं.

पुढच्या बिलात पैसे वजा करून दिले. गंमत म्हणजे या घोळात एक वेगळंच बाहेर आलं. ए विंगमधला एक फ्लॅट आमच्या यादीत भाड्याचा, मालक म्हणणार नाही हो, नातेवाईक राहतात. त्या मुलाने शांतपणे गेटचं रजिस्टर काढलं. मालकाचे नातेवाईक दर शनिवारी वेगळ्या नंबरच्या गाडीतून येत होते आणि वॉचमनला गणपतीपुळ्याचा रस्ता विचारत होते. त्या गृहस्थांनी पंचेचाळीस रुपये निमूट भरायला सुरुवात केली. रोजच्या रोज पर्यटक ठेवायचे की नाही हा मोठा वाद आहे, तो तसाच लोंबकळतोय.

मे महिन्यात स्ट्रक्चरल ऑडिट. उपविधीप्रमाणे, म्हणजे सोसायटीच्या नियमावलीप्रमाणे, १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं दर ५ वर्षांनी करायचं आणि ३० च्या पुढे दर ३ वर्षांनी. आमची वीस वर्षांची झाली तरी एकदाही केलेलं नव्हतं. इंजिनियर हातोडी घेऊन खांब वाजवत फिरला, ज्या ठिकाणी बद्द आवाज येईल तिथे खडूने गोल. पार्किंगमध्ये समुद्राच्या बाजूचे खांब बघितले तर सगळे गोल गोल, रांगोळी काढल्यासारखे. त्याने समजावलं की खारट हवेतलं मीठ काँक्रीटमधून आत झिरपतं, सळी गंजते, गंजली की फुगते, आणि फुगली की वरचं काँक्रीट फोडते. आपण बाहेरून प्लास्टर थापून रंग काढतो, आत ती फुगतच असते. लगेच धोका नाही म्हणाला, पण गच्ची आणि ते खांब येत्या दोन वर्षांत करा.

मग फंडाचा हिशोब. सिंकिंग फंड फ्लॅटच्या बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान ०.२५ टक्के आणि दुरुस्ती फंड ०.७५ टक्के धरतात. आमच्या फ्लॅटचा बांधकाम खर्च ६ लाख धरला तर सिंकिंग वर्षाला १५००, म्हणजे महिन्याला १२५, आणि दुरुस्तीचे महिन्याला ३७५. आम्ही इतकी वर्षं दोन्ही मिळून २५ रुपये घेत होतो! कारण २००५ च्या कमिटीला लोकांवर बोजा नको होता. नुसता सिंकिंगच नीट घेतला असता तर ३६ घरांचे वर्षाला ५४ हजार, २० वर्षांत व्याज सोडून १० लाख ८० हजार. बँकेत होते एक लाख ऐंशी. हा कागद त्या मुलाने बनवला, एका बाजूला काय असायला हवं, दुसऱ्या बाजूला काय आहे, मोठ्या अक्षरात, आणि नोटीस बोर्डावर लावला. मी पाच वर्षं बोलून जे झालं नव्हतं ते त्या कागदाने केलं. जूनमध्ये विशेष सभा घेऊन मेंटेनन्स वाढवला, विरोध फक्त चौघांचा.

आणि जूनमध्येच तो मुलगा गेला. एजन्सीने त्याला दुसऱ्या मोठ्या सोसायटीवर टाकलं, न सांगता, सोमवारी दुसराच माणूस हजर. त्याला पुन्हा व्हॉल्व्ह कुठला इथपासून. वॉचमनने शिकवलं त्याला, चौदा वर्षांचा अनुभव. मी एजन्सीला पत्र लिहिलं की नवीन करारात माणूस बदलायच्या आधी ३० दिवस कळवायचं कलम येणार. आलं पण. हे कलम पहिल्यांदाच घालायला हवं होतं, पाचवं.

राहिले तिसऱ्या मजल्यावरचे काका. चार वर्षांची थकबाकी ३३,६०० आणि त्यावर व्याज, तेव्हाच्या उपविधीत २१ टक्क्यांपर्यंत सरळ व्याज लावता येत होतं आणि आमच्याकडे जुना ठराव तेवढ्याचाच होता, सगळं मिळून सत्तेचाळीस हजारांच्या वर. नवीन माणसाला नाती माहीत नाहीत, त्याने सरळ नोटीस काढली, पहिली, मग दुसरी, तिसरीत कलम १५४ब-२९ प्रमाणे उपनिबंधकांकडे वसुली दाखल्याचा अर्ज करू असं लिहिलेलं. सहीला माझ्याकडे आली. मी दोन दिवस पर्समध्ये घेऊन फिरले. टॅम्पाची म्हणाली होती की तिकडे थकबाकीसाठी असोसिएशन घरावर बोजा चढवून घर विकायलाही काढू शकते. मला काकूंचे मोदक आठवत होते.

सही केली, पण त्याच दिवशी त्या माणसाला सांगितलं की गच्चीच्या वॉटरप्रूफिंगची वर्क ऑर्डर आणि नोटीस एकाच पाकिटात टाक. भर पावसात ते काम कोण करणार, ऑर्डर ऑक्टोबरची होती, पण तारीख होती, रक्कम होती, ठेकेदाराची सही होती. पाकीट मी नेलं नाही, त्याने नेलं. काका त्याच्याशी तासभर भांडले म्हणे. जिन्यात आवाज येत होता, मी दार लावून घेतलं. मग ऑगस्टच्या शेवटी मुद्दल खात्यात आलं, सगळं एकदम, आणि व्याजमाफीचा अर्ज, सभेपुढे ठेवावा म्हणून, सुवाच्य अक्षरात.

२०२४ ला गणपती ७ सप्टेंबरला. संध्याकाळी काकू आमच्याकडे आल्या, आरतीला ये म्हणाल्या, बाकी काही नाही. गेले. हॉलच्या छताला ओलीचा डाग तसाच होता, मखराच्या अगदी वर, आणि काकांनी त्याखाली प्लास्टिक ताणून बांधलेलं. मोदकाचं ताट माझ्या हातात देताना म्हणाले, त्या तुमच्या मॅनेजरला सांग, रविवारी दुपारी दोन ते चार कोणाला फोन करायचा नसतो.